फुंकणीसारखं दाबत राहा

माझ्या कामाच्या पिशवीत पाना, साबणाच्या पाण्याची बाटली, रबरी नळीचा एक तुकडा आणि दोन लायटर असायचे. एक लायटर चालता आणि दुसरा उघडलेला. घोडेगावच्या गॅस एजन्सीत मी अठ्ठावीस वर्षं काम केलं. रेग्युलेटर गळतोय, शेगडी भगभगतेय, टाकीला वास येतोय अशा तक्रारी यायच्या, पण सगळ्यांत जास्त तक्रार एकच असायची: लायटर लागत नाही. खरं तर ही तक्रार एजन्सीची नव्हेच. लायटर दुकानात मिळतो, बिघडला तर नवा घ्यायचा. तरी लोक घेऊन यायचे आणि मी उघडून बघायचो. मला ती वस्तू आवडायची. दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा असं सांगण्यात आलं, तेव्हा आगीच्या, स्फोटाच्या, धाडसाच्या गोष्टी अपेक्षित असणार. मला मात्र लायटरबद्दलच लिहायचं आहे. त्याच्याबद्दल एक गोष्ट मी फार वर्षं कोणाला सांगितली नाही.

मी शिनोलीचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो तो आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांमुळे. इंग्रजी पुस्तक समजत नाही म्हणून मी कॉलेज सोडायच्या बेतात होतो. सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं आणि स्वतःच्या घरातला गॅसचा लायटर टेबलावर ठेवला. "उघड," म्हणाले. मी घाबरत घाबरत उघडला. आत काहीच नव्हतं. म्हणजे मला जे अपेक्षित होतं त्यातलं काहीच नव्हतं. ना बॅटरी, ना चकमकीचा दगड, ना गॅस.

"मग ठिणगी येते कुठून?" सरांनी विचारलं.

सरांनी मराठीत सांगितलं, आणि ते मला जन्मभर पुरलं. तेच इथे सांगतो.

लायटरच्या आत एक स्प्रिंग असते आणि तिच्या टोकाला एक छोटा हातोडा. आपण मागचं बटण दाबतो तेव्हा स्प्रिंग आवळत जाते. हातोडा एका खाचेत अडकलेला असतो. बटण पुरतं दाबलं की खाच सुटते आणि हातोडा जोरात पुढे जाऊन आदळतो. आपल्याला ऐकू येतो तो 'टक्' हा त्या आदळण्याचा आवाज. समोर असतो बोटाच्या पेराएवढा एक तुकडा. दिसायला खडूसारखा, पण तो खास तऱ्हेने बनवलेला स्फटिक असतो. त्याच्यावर एकदम दाब आला की त्याच्या दोन टोकांमध्ये वीज तयार होते. विजेचा दाब हजारो व्होल्टचा, पण वीज अगदी थेंबभर, म्हणून माणसाला नुसता चावा बसतो, इजा होत नाही. ती वीज तारेतून नळीच्या तोंडाशी जाते. तिथे तारेचं टोक आणि नळीची कड यांच्यात थोडी मोकळी जागा असते. त्या जागेवरून वीज उडी मारते. ती उडी म्हणजे ठिणगी.

"म्हणजे तुझ्या अंगठ्याचा जोर हीच तिची बॅटरी," सर म्हणाले.

त्या दिवशी मी घरी जाऊन आईला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "लई चांगलं सांगतोस. मास्तर व्हशील तू." मास्तर काही झालो नाही. बी.एड. राहून गेलं, वडील आजारी पडले, आणि एजन्सीत मेकॅनिकची जागा होती. पण गावोगाव गॅस कसा वापरायचा ते दाखवायचं काम माझ्याकडे आलं आणि डोंगराकडचे लोक मला गॅसमास्तर म्हणू लागले. आईला त्याचा फार आनंद झाला. मलाही.

लायटरने मला माणसंही चांगली दाखवली. नारायणगावला बाजाराजवळ एका हॉटेलवाल्याचा दर महिन्याला नवा लायटर मरायचा. तो आमच्या एका टाकीवाल्याच्या ओळखीने माझ्याकडे आला. मी हॉटेलात जाऊन पाहिलं तर लायटर भट्टीच्या कडेला, तापलेल्या पत्र्यावर ठेवलेला. मी म्हटलं, "भाऊ, फार तापला की आतल्या स्फटिकाची ताकद जाते. मग कितीही हाणा, वीज देत नाही." तो गल्ल्यावरून म्हणाला, "म्हंजे आमच्या आचाऱ्यावानीच की राव!" आचाऱ्याने आतून झारा आपटला.

ओतूरच्या एस.टी. स्टँडवर एक म्हातारे गृहस्थ माझी पिशवी पाहून थांबले. म्हणाले, "लायटर हाय का तुमच्याकडं? माझा आता पयल्यासारखा चावत न्हाई."

"चावत नाही म्हणजे? पेटत नाही का?"

"पेटतोय की! चावत न्हाई." आणि त्यांनी धोतर वर करून लायटर गुडघ्याला लावला आणि टक् टक् दाबून दाखवला. गुडघेदुखीवर त्यांचा हा इलाज होता. "सून वरडती, शेगडीचा लायटर गुडघ्याला लावू नका म्हनून. मला येक येगळा द्या." मी माझा चालता लायटर त्यांना देऊन टाकला. इलाज खरा की खोटा मला माहीत नाही, पण त्यांचा चेहरा खुलला होता.

या गोष्टी मी लग्नाकार्यात सांगायचो आणि लोक हसायचे. पुढची सांगत नसे.

डोंगराकडच्या गावांना गॅस मिळू लागला ती वर्षं आमच्या फार धावपळीची होती. डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या बाजूने असलेल्या वाड्यावस्त्यांवर टाक्या जाऊ लागल्या. तिथे भात, नाचणी, वरई. पाऊस एकदा लागला की कपडे चार चार दिवस वाळत नाहीत. ज्या घरांत आजवर चुलीशिवाय काही नव्हतं तिथे मी शेगडी जोडून द्यायचो आणि मग समाजमंदिरात सगळ्या बायांना एकत्र बसवून ती कशी पेटवायची ते दाखवायचो.

त्यातल्या एका गावाचं नाव मी लिहीत नाही. बाईचंही खरं नाव लिहीत नाही, हौसाबाई म्हणतो. तेव्हा ती पन्नाशीची असेल. समाजमंदिरात सगळ्यांच्या पुढे, अगदी माझ्या टेबलासमोर बसली होती. मी विचारलं, "कोण येतं पेटवायला?" सगळ्या एकमेकींच्या मागे लपल्या. मी हौसाबाईला म्हटलं, "मावशी, तुम्ही या."

"मला नगं बाबा. ते टक् करतंय."

मागून कोणीतरी म्हणालं, "अगं जा की! नवरा दिवसभर कडाडतोय त्याला भीत न्हाईस, आन् ह्या नळीला भितीस?"

हसण्यात ती उठून आली. लायटर हातात घेतला. शेगडीचं बटण मी माझ्या हातात ठेवलं होतं. नवख्या माणसाकडून पेटवून घेताना मी नेहमी असंच करायचो. समोरच्याची ठिणगी नीट पडली की मगच मी बटण फिरवायचो, म्हणजे गॅस वाया जात नाही आणि धोकाही राहत नाही. तिने हलकेच दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तिने लायटर टेबलावर ठेवला.

"आमच्या हातानं न्हाई पेटायचं ते. आमचा हात चुलीचा."

तिचा पडलेला चेहरा पाहून मला वाईट वाटलं. माझी आईसुद्धा अशीच म्हणाली असती. मी विचारलं, "मावशी, चूल पहिल्या फुंकेला पेटते का?"

"कुठली! पावसाचं तर डोळं जायाची पाळी येती."

"मग सोडून देता का?"

"सोडून कसं चालंल? फुंकत ऱ्हायाचं."

"मग हेही तसंच. फुंकणीसारखं दाबत राहा. कंटाळायचं नाही."

तिने लायटर उचलला. तिसऱ्या वेळी ठिणगी दिसली, चौथ्या वेळी मी बटण फिरवलं आणि निळी फुलं गोल उमलली. "पेटला की गं बया!" म्हणून ती ओरडली. बायांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. परत येताना जीपमध्ये मी स्वतःवर खूश होतो. पुस्तकातली गोष्ट लोकांच्या भाषेत सांगता आली, सरांसारखी. ते वाक्य मी त्या मोसमात पुढच्या प्रत्येक गावात वापरलं.

आता जे सांगतो ते नीट समजून घ्यावं. गॅसबरोबर जे कार्ड मिळतं त्यावर स्पष्ट छापलेलं होतं: शेगडी लगेच पेटली नाही तर बटण बंद करा, थोडा वेळ थांबा, मगच पुन्हा प्रयत्न करा. ते मी वाचलेलं होतं. मला ते पाठ होतं. पण आधीच भ्यायलेल्या बायांना आणखी भीती कशाला घालायची, म्हणून मी त्यावर भर दिला नाही. चुलीचा आणि गॅसचा फरक नेमका तिथेच आहे. चूल पेटत नसेल तर फुंकत राहिल्याने काही बिघडत नाही, उलट चिकाटीनेच ती पेटते. शेगडीचं बटण सुरू असेल तर प्रत्येक फुकट गेलेल्या टक्‌बरोबर गॅस साठत जातो. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो. समाजमंदिरात बटणावर माझा हात होता, म्हणून काही झालं नाही. माझा हात कोणी पाहिला नाही. सगळ्यांचं लक्ष लायटरकडे होतं. वाक्य मात्र सगळ्यांनी ऐकलं.

भाताच्या लावणीचे दिवस होते. हौसाबाई दुपारी खाचरातून भिजून घरी आली. वारा आत येतो म्हणून दार लोटलं. तिने शेगडी ओट्यावर न ठेवता चुलीशेजारी जमिनीवर ठेवली होती, कारण भाकरी बसूनच करायची सवय. लायटर कुडाच्या खिळ्याला अडकवलेला, ओलाव्याने दमट झालेला. लायटर दमट झाला किंवा तोंडाशी काजळी धरली की वीज पुढे जाऊन उडी मारण्याऐवजी वाटेतच पाझरून जाते. आवाज मात्र तसाच येतो. हातोडा आदळतोच ना. टक् आवाज आला म्हणजे ठिणगी पडली, असं नसतं. हेही मी सांगितलं नव्हतं.

तिने शेगडीचं बटण सुरू केलं आणि लायटर दाबत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तपासणीसाठी गेलो. तोवर तिला तालुक्याला आणि तिथून पुण्याला नेलं होतं. उजवा हात आणि चेहऱ्याची उजवी बाजू भाजली होती. मी रेग्युलेटर तपासला, चांगला होता. नळीला साबणाचं पाणी लावलं, कुठे बुडबुडा नाही. शेगडीचं बटण कोणीतरी बंद केलं होतं. लायटर चुलीपाशी पडला होता. मी उचलून दाबला. टक्. काही नाही. टक्. काही नाही. सातव्यांदा की आठव्यांदा ठिणगी पडली.

तिचा नवरा धोंडिबा ओसरीवर बसला होता. म्हणाला, "येडी हाय ती. सारखी आपली टक् टक् टक्. मी हितं बसून ऐकत व्हतो. म्हनलं बी, फुंक आता, फुंक."

"किती वेळ चाललं होतं?"

"तमाखू मळून व्हईस्तवर."

तंबाखू मळायला एखाद-दोन मिनिटं लागतात. तेवढा गॅस पुरेसा होता.

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की धोंडिबा, ती वेडी नाही, मी तसं शिकवलं होतं. मी रेग्युलेटर पुन्हा एकदा तपासला. तो चांगला आहे हे मला आधीच माहीत होतं.

एजन्सीत अपघाताचा फॉर्म भरायचा होता. आमचे मालक भला माणूस. त्यांनी साधं विचारलं, "कारण काय लिहायचं?" मी स्वतःच सांगितलं, "ग्राहकाने चुकीच्या पद्धतीने वापर केला." त्यांनी मला काही सुचवलं नाही, दबाव टाकला नाही. मी माझ्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत त्याचं बक्षीस मिळालं होतं. आमच्या घराण्यातली ती पहिली पगाराची नोकरी होती. ती जाईल या भीतीने मी ते लिहिलं. आज मला वाटतं, खरं लिहिलं असतं तरी ती गेली नसती.

दीड महिन्याने हौसाबाई घरी आली. मी भेटायला गेलो. हाताला पट्टी होती, बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसत होती. मला पाहून ती उठून बसली.

"मास्तर, तुमी सांगितलं तसंच केलं बरं का. पन माझंच कायतरी चुकलं आसंल."

मी म्हणालो, "बरं वाटेल मावशी, लवकर बरं वाटेल."

एवढंच म्हणून मी आलो. त्यानंतर मी त्या गावात गेलो नाही. तिथली तक्रार आली की मी दुसऱ्या मेकॅनिकला पाठवायचो.

बाकी सगळीकडे मात्र शिकवणं बदललं. तीनदा टक्. नाही पेटली तर बटण बंद, खिडकी-दार उघडं, आणि अंगणात जाऊन कोंबड्यांना दाणे टाकून या. मग परत. लायटर रोज कोरड्या फडक्याने पुसा. शेगडी उंचावर ठेवा. बटणावर माझा हात ठेवायचं मी बंद केलं. बाईचा एक हात बटणावर, दुसरा लायटरवर, मी लांब उभा. जिथे जिथे ते फुंकणीचं वाक्य बोललो होतो त्या सगळ्या गावांत पुन्हा गेलो आणि नवं सांगून आलो. कारण विचारलं तर म्हणायचो, नवीन नियम आलाय. फक्त एक गाव सोडलं.

अशी सात-आठ वर्षं गेली. निवृत्तीच्या थोडं आधी, जुन्नरच्या पश्चिमेकडच्या एका गावात मी माझ्या भाच्याच्या सासुरवाडीला गेलो होतो. तिथल्या घरात एक तरुण सून शेगडी पेटवत होती. लायटर लागेना. तिने दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, तशी सासू ओसरीवरून म्हणाली, "आगं ठेव ते! हौसाबाईवानी दाबत नगं बसूस."

मी दचकलो. "कोण हौसाबाई?"

सून हसत बाहेर आली. "आमच्या माहेरची म्हन हाय ती. आमच्या गावात येक येडी बाई व्हती, लायटर दाबत बसली आन् भाजली. कुनी सारखं सारखं तेच करायला लागलं की आमी म्हनतो, हौसाबाई झाली." तिने माहेरचं गाव सांगितलं. तेच ते.

बाईचं नाव मूर्खपणाचा वाक्प्रचार होऊन डोंगर ओलांडून आलं होतं, आणि ते वाक्य मुळात माझं होतं. मी समोरचा चहा तसाच ठेवला. त्या सासूला वाटलं साखर कमी पडली.

निवृत्त झाल्यानंतर पंधरा दिवसांतच मी त्या गावाला गेलो. सकाळची एस.टी. होती. पिशवीत उघडलेला लायटर घेतला होता, का ते मलाही सांगता येणार नाही. हौसाबाई अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती, डाव्या हाताने. केस पांढरे झालेले. कपाळाला कुंकू नव्हतं. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

"मास्तर का? या की. लई दिस झालं."

मी खाली बसलो. पाणी प्यायलो. मग लायटर काढून तिच्यासमोर ठेवला आणि सरांनी मला सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं. हातोडा, स्फटिक, ठिणगी. आवाज वेगळा आणि ठिणगी वेगळी हे सांगितलं. समाजमंदिरात बटणावर माझा हात होता हे सांगितलं. तुम्हाला दाबत राहा म्हणालो ते चुकीचं होतं, तेव्हाच छापील कार्डावर उलट लिहिलेलं होतं आणि मी ते सांगायचं टाळलं, हेही सांगितलं. फॉर्मवर काय लिहिलं तेही सांगितलं.

ती लायटरच्या सुट्या स्प्रिंगकडे बघत होती.

"म्हंजे," ती म्हणाली, "मी बरूबरच केलं व्हतं."

"हो मावशी. मी सांगितलं तसंच केलं होतंत. चूक माझी होती."

"मी येडी नव्हते."

"नाही."

तिने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं ती रागावेल, निदान रडेल. ती म्हणाली, "तुमी दोन वर्सं आधी याया पायजे व्हतं. हे व्हते तवा."

धोंडिबा गेल्याचं मला तिथे कळलं. ती सांगत होती, त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. भाजल्यावर सहा महिने त्यांनी स्वतः भाकरी थापल्या, जाड जाड, कच्च्या. पण काही सांडलं, काही हातातून पडलं की म्हणायचे, "येडी ती येडीच. फुंक आता." शेवटच्या आजारातही म्हणाले. "मी म्हनायचे, आवो मास्तरांनी तसंच सांगितलं व्हतं. तर म्हनायचे, मास्तर शिकलेला मानूस हाय, तो आसं कसं सांगंल? मग मलाबी वाटाया लागलं, मी नीट ऐकलंच नसंल."

माझ्या शिकलेपणाचा एवढा उपयोग झाला होता.

तिने हाक मारून सुनेला बाहेर बोलावलं. "हिला सांगा," म्हणाली. मी सुनेला सांगितलं. सून पदराला हात पुसत ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरं." हौसाबाई उठली. "चला."

"कुठे?"

"म्होरच्या घरी. माझी नणंद ऱ्हाती तिथं. तिनंच माझ्या नावाची म्हन लई पसरीवली व्हती."

ती पुढे आणि मी मागे. नणंदेच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "ह्यांचं ऐका जरा." मी सांगितलं. माझी चूक होती, हौसाबाईंची नव्हती. नणंद म्हणाली, "आगं, ते आपलं मस्करीत म्हनतो आमी." हौसाबाई पुढच्या घराकडे वळली. तिथे सांगितलं. त्याच्या पुढच्या घरी एक म्हातारी होती, तिला कमी ऐकू यायचं, तिला ओरडून सांगावं लागलं. "काय म्हन्तोय? गॅस बंद व्हनार का?" असं तिने विचारलं. हौसाबाईने मला पुन्हा सांगायला लावलं. समाजमंदिराच्या पायरीवर चार पुरुष बसले होते. त्यांच्यापुढेही मी तेच वाक्य बोललो. जिथे टाळ्या वाजल्या होत्या ती जागा तिथून दिसत होती. एक जण म्हणाला, "मग मास्तर, आता आमी कुनाचं नाव घ्यायचं?"

"माझं घ्या," मी म्हणालो. तो हसला, पण बाकीचे हसले नाहीत.

अकरा घरं झाली. सांगून सांगून मी दमलो होतो. ती मात्र दमली नाही. प्रत्येक दाराची कडी तिने उजव्या हाताने वाजवली, त्या चिकटलेल्या बोटांनी. डावा हात मोकळा असूनही.

परत तिच्या अंगणात आलो तेव्हा दुपारच्या एस.टी.ची वेळ झाली होती. सुनेने चहा केला. मी निघतो म्हणालो. हौसाबाईने उघडलेला लायटर फडक्यात गुंडाळून घेतला. "हे ऱ्हाऊ द्या माझ्याकडं," म्हणाली. मी हो म्हटलं. ती घरात गेली.

मी ओसरीच्या कडेला बसून चपला घालत होतो. आतून तिचा आवाज आला. सून मागच्या दारी भांडी घासत होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. दारातून भिंतीवरचा धोंडिबाचा फोटो अर्धा दिसत होता.

"ऐकलं का?" ती म्हणत होती. "मास्तर आलं व्हतं. त्यांनीच सांगितलं व्हतं दाबत ऱ्हा म्हनून. साऱ्या गावाला सांगून गेलं."

मग ती थांबली. मीही थांबलो, एक चप्पल हातात तशीच.

"आता बोला," ती म्हणाली.